एक पाय सोवळ्यातला, एक घरातला

मी पाय करायचे. लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी एवढंच उत्तर द्यायचे आणि बाईंचा गुलाबजाम चमच्यातच थांबायचा. एकीला वाटलं मी पार्लरवाली. तिने तिथल्या तिथे चप्पल काढून मला टाचांच्या भेगा दाखवल्या. मी त्या नीट बघितल्या, कोकमाचं तेल लावायला सांगितलं आणि मग म्हटलं, "पण मी करते तो पाय मूळचा कापल्यानंतर लावतात हो." जेवण होईपर्यंत बाई पुन्हा माझ्याकडे वळल्या नाहीत.

आता निवृत्त झाल्यावर या अंकाच्या संपादकबाईंनी गळ घातली, की तुमच्या कामाबद्दल लिहा, थोडा संघर्ष येऊ द्या. संघर्ष लिहिण्याइतकी मी गंभीर बाई नाही. पण एका वर्षी माझी चांगली तंतरली होती आणि त्या वर्षी एका गुरुजींनी मला माझंच काम नव्याने शिकवलं, ते सांगते. आधी थोडं धंद्याबद्दल.

परळच्या एका धर्मादाय संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. मूळची काळाचौकीची. गिरणी बंद पडल्यावर वडील सुतारकामाला लागले आणि त्यांच्या हाताखाली रंधा मारत मी मोठी झाले. वर्कशॉपमध्ये लागले ती पट्टे शिवायला. पुढे प्लॅस्टरला हात लावला, मग साच्याला, मग पायाला. कोणत्या साली कोणती बढती मिळाली ते सांगत नाही, त्यात मलाही झोप येते.

लोकांना वाटतं, कृत्रिम पाय चपलेसारखा नंबर सांगून मिळतो. तसं नसतं. गुडघ्याखाली पाय कापला की जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर पातळ मोजा चढवायचा, हाडांच्या दुखऱ्या जागांवर न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळायची. ती घट्ट झाली की टोपीसारखी निघते. तिच्यात पुन्हा प्लॅस्टर ओतलं की त्या माणसाच्या स्टंपचा हुबेहूब साचा हातात येतो. खरं काम इथून पुढे. शरीर जिथे भार सोसू शकतं तिथे साचा कानशीने घासायचा, जिथे हाड नाजूक आहे तिथे प्लॅस्टरचा थर वाढवायचा. कुठे किती हे पुस्तकात असतं, पण पुस्तकातला पेशंट ओरडत नाही, त्यामुळे शेवटी हातालाच कळावं लागतं. मग साच्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढायचं, ते झालं सॉकेट. त्याच्याखाली नळी, नळीखाली रबराचं पाऊल. आता स्कॅनर आलाय. नव्या मुली मोबाइलएवढं यंत्र पायाभोवती फिरवतात आणि साचा कॉम्प्युटरवर घासतात. चांगलं आहे. त्यांच्या ड्रेसला प्लॅस्टर लागत नाही, आणि माझ्या निम्म्या साड्या त्याच्यापायी गेल्या.

पेशंट म्हणायचे, पण सगळे वागायचे गिऱ्हाइकासारखे. चिंचपोकळीचा एक लेथवाला होता. पाय हातात घेतल्याबरोबर त्याने आधी बोल्ट तपासला. "ताई, राग मानू नका, पण हा बोल्ट भंगार आहे," म्हणाला, आणि चार दिवसांनी स्वतःच्या लेथवर नवा करून घेऊन आला. आमच्यापेक्षा सरस होता. पुढच्या सहा पेशंटांना आम्ही त्याच्याकडूनच बोल्ट करून घेतले. लालबागची एक नवी सून आली होती, तिचं दुखणं निराळंच. रबराच्या पावलाची बोटं नुसती कोरलेली असतात, एकमेकांना चिकटलेली. ती म्हणाली, "सासूबाई म्हणतात, एका पायात जोडवी नि दुसरा बोडका, बरं दिसत नाही." मी पातळ ब्लेडने दुसरं बोट अलगद सुटं केलं, घासून गुळगुळीत केलं आणि त्यात जोडवी बसवली. चालायची चाचणी राहिली बाजूला, ती अर्धा तास पाय पुढे करून नुसती बघत बसली.

आणि एक भोईवाड्याचे मास्तर. माझ्या हातून झालेला सगळ्यांत देखणा पाय त्यांचा. दोन वर्षांनी त्यांची बायको बाजारात भेटली. पाय दाराआड छत्रीशेजारी टांगलेला असतो म्हणाली, हे काही लावत नाहीत. मी महिनाभर धुसफुसत होते. माझा हाच दोष होता. पाय दिला की माणूस चाललाच पाहिजे असा माझा हट्ट. चालला तर मी खूश, नाही चालला तर घरी भांडी आपटायचे.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. रथ, पांढरे घोडे आणि खाली फळाची अपेक्षा न धरता कर्म करण्याचा उपदेश. वर्ष संपून गेलं तरी देवाचं चित्र म्हणून कुणी ते काढलं नव्हतं. आमचे प्लॅस्टरवाले गावकरमामा, वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने, त्याच्याकडे बघून म्हणायचे, "फळाची आशा नको, बरा. पण चायची आशा धरूक काय हरकत?" त्या उपदेशाचा मी एवढाच विचार केला होता.

माझ्या निवृत्तीला चार वर्षं असताना आमच्या ह्यांना झटका आला. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी कार्यालयात हेडक्लार्क, वागणं टाइप केल्यासारखं नीटनेटकं, आणि बोलण्यात मात्र मला हार न जाणारे. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दोन शब्द उरले, "हं" आणि "नाही". आम्ही अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा शेजारच्या चौघांनी यांना खुर्चीत बसवून वर चढवलं, त्यानंतर हे खाली उतरलेच नाहीत.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हाताची खात्री देत नाही, पण पाय चालू शकेल. पावलाला स्प्लिंट लावा आणि रोज चालवा. पहिले सहा महिने महत्त्वाचे. तोवर उभे राहून चालले नाहीत तर पाय आखडत जाईल, मग पुढे खुर्चीच.

अशा झटक्यात पाऊल लुळं पडतं. उचलायला गेलं की बोटं खाली लोंबतात आणि जमिनीला अडकतात. स्प्लिंट म्हणजे पोटरीच्या मागून तळव्यापर्यंत येणारं प्लॅस्टिकचं कवच, पाऊल काटकोनात धरून ठेवणारं. पायाच्या मानाने सोपं काम. मुंबईभरच्या लोकांना मी अशी शेकड्याने करून दिली होती, मग नवऱ्याचं दुसऱ्या कुणी करायचं? मी प्लॅस्टर घरी आणलं, यांना पलंगावर बसवलं, माप घेतलं आणि स्प्लिंट केलं. चार पावलांत टाच वर यायला लागली, पाऊल आत वळलं, हे खाली बसले. "नाही," म्हणाले.

दुसरं केलं. "नाही." तिसरं केलं. ते यांनी डाव्या हाताने काढून पलंगाखाली सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चार महिने संपले होते. मी रोज सकाळी चहा देताना यांच्या पायाकडे बघायचे, आज बोट हललं का, आज घोटा उचलला का. मी बघतेय हे यांना कळायचं. हे पाय पांघरुणात घ्यायचे.

तिसरं स्प्लिंट मी गावकरमामांना दाखवलं. त्यांनी आत बोटं घालून फिरवली. "गो सुनंदा, ह्यो स्प्लिंट नाय गो, मोजो झालो," म्हणाले. "तुका घोवाचो पाय दिसता. पेशंटाचो पाय दिसना नाय." मला राग आला. मी म्हटलं, मामा, तुम्ही आपलं प्लॅस्टर कालवा. त्यांनी निमूटपणे कालवलं.

त्याच दिवसांत वर्कशॉपला फाटक गुरुजी आले. गिरगावातल्या एका वाडीत दत्ताचं छोटं देऊळ आहे, त्याची पूजा गुरुजींकडे. साखरेने डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. पाय जवळपास तयार झाला तेव्हा गुरुजींनी मांडीला बांधायचा पट्टा उचलून नाकाशी नेला.

"बाई, हा कसला?"

"चामड्याचा. पाय निसटू नये म्हणून."

"मग हा गाभाऱ्यात कसा येणार?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "पलंगाला विणतात ती नवार चालेल?"

"नवार सुती. चालेल. आणि पाय भिजवला तर? मी आंघोळ करून ओलेत्याने आत जातो."

"भिजवा. पुसून घ्या म्हणजे झालं."

"आणि मांडी?"

मांडी घालता यावी म्हणून सॉकेटची मागची कड मी खाली उतरवून दिली. देवळाच्या विश्वस्तांपैकी एकांनी शंका काढली होती म्हणे, देवापुढे खोटा पाय चालेल का. गुरुजी मला हसत हसत सांगत होते, "मी त्यांना म्हटलं, तुम्ही कवळी काढून दर्शनाला या, मग आपण बोलू." वर्कशॉपमध्ये सगळे त्या पायाला सोवळ्यातला पाय म्हणायला लागले. मामा तर त्याला हात लावण्याआधी हात धुवायचे.

चालायच्या चाचणीला दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या असतात, त्यांच्यामध्ये गुरुजी छान चालले. मी घड्याळ बघितलं, घरी यांच्या व्यायामाची वेळ होत होती. पेशंटच्या कार्डावर सही केली आणि पाय देऊन टाकला.

पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन. "सुनंदाबाई, आज देवाच्या आधी मलाच अभिषेक झाला." गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडताना पाण्याचा तांब्या हातात असताना गुरुजी मागच्या मागे आपटले होते. मनगट सुजलं होतं. मोडलं नव्हतं, ही त्यांची पुण्याई. माझी नव्हे.

त्याच दुपारी मी गिरगावला गेले. देवळाच्या पायरीवर सवयीने चप्पल काढली, थंड लादीवर पाय ठेवला आणि तिथेच मला माझी चूक कळली. रबराच्या पावलाचा घोटा आपल्यासारखा हलत नाही. चपलेला टाच असते, तेवढ्या उंचीला धरून आम्ही पायाचा तोल लावतो. चप्पल काढली की टाच खाली जाते, नळी मागे कलते आणि माणूस मागे फेकला जातो. म्हणून आमच्या कार्डावर एक रकाना असतो, पायात काय घालता? गुरुजी वर्कशॉपला चप्पल घालून आले होते. मी डोळे झाकून "चप्पल" लिहिलं होतं. पुजारी गाभाऱ्यात अनवाणी जातो हे मला सुचू नये? रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावणाऱ्या बाईला? चामड्याचा पट्टा काढून नवार लावली, तेव्हाही सुचलं नाही.

गुरुजी सभामंडपात खुर्चीवर बसून एका हाताने वाती वळत होते. दुसरा हात फडक्यात बांधलेला.

"चूक माझी आहे, गुरुजी," मी म्हटलं.

"असेल. पाय दुरुस्त होईल ना?"

"होईल."

"मग तोंड का असं झालंय? बसा. चहा येतोय."

त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले असते तर मी "सॉरी" म्हणून पाय घेऊन निघाले असते. पण चहा म्हटल्यावर माझा बांध फुटला. मी सभामंडपातल्या खांबाला टेकून बसले आणि सगळं सांगितलं. झटका, दुसरा मजला, तीन स्प्लिंटं, संपत आलेले महिने. हातात तुमचा पाय होता आणि डोक्यात घर होतं, हेसुद्धा सांगितलं. गुरुजी वाती वळत होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "स्प्लिंट जमत का नाही?"

"सैल होतं."

"दुसऱ्यांची होतात?"

"नाही."

"मग यांचंच का?"

मला खरं उत्तर माहीत होतं, पण ते मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "घट्ट धरलं तर त्यांना दुखेल असं वाटतं. साचा घासायला गेले की हात थांबतो. सगळीकडे थोडी थोडी जागा ठेवते."

गुरुजींनी वात खाली ठेवली. "मी सहा महिने अंथरुणावर होतो, सुनंदाबाई. पाय गेला त्या आठवड्यात वाटलं, आता देवळाचं आणि माझं नातं संपलं. मग एक दिवस ठरवलं, आपली पूजेची वेळ सातची. सात वाजता डोळे मिटायचे आणि मनात पूजा करायची. रोज केली. देवाला आंघोळ, गंध, फुलं, सगळं. एक फूल कमी केलं नाही."

"देवाला पोचली?"

"ते मला काय माहीत? वाहणं माझं काम. पोचवायला मी पोस्टमन आहे का?" ते स्वतःच हसले. "पूजा संपली की आपण तळहातावरून पळीभर पाणी सोडतो, अर्पण म्हणतो. ते सोडायचंच असतं. सहा महिने मी मनातल्या मनात तेही सोडलं. बरा होईन का, पुन्हा उभा राहीन का, हे सगळं त्या पाण्याबरोबर खाली. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा नवी पूजा. त्याच्यावरच तगलो मी. औषधं होतीच, पण तगलो त्याच्यावर."

उपदेश मला कधी मानवत नाही. मी फटकन म्हटलं, "तुमचं ठीक आहे. देव दगडाचा आहे. माझ्यासमोर जिवंत नवरा आहे."

दुसरा कुणी असता तर दुखावला असता. गुरुजींनी मान डोलावली. "बरोबर. पण एक सांगा. थंडीच्या दिवसांत मी देवावर पाणी घालताना, याला गार लागेल म्हणून अर्ध्यावर थांबलो, तर त्याला अभिषेक म्हणाल का?"

त्यांनी खाली ठेवलेली वात मी उचलून त्यांच्या हातात दिली.

"माया करू नका असं नाही म्हणत मी. मायेपोटीच तर सगळं करायचं. पण पूर्ण करायचं. तुम्ही काम अर्धं करताय आणि फळाची मात्र रोज सकाळी वाट बघताय. आणि अजून एक. चालायचं काम तुमच्या यजमानांचं आहे. तेही तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊन फिरताय. त्यांना करू द्या त्यांचं. तुमच्याकडे नेमून दिलेलं आहे ते स्प्लिंट. आणि हा माझा पाय, तो लवकर द्या, दत्तगुरू खोळंबलेत."

चहा गार झाला होता, तो मी तसाच घेतला. पाय पिशवीत घातला आणि बसने वर्कशॉपला आले. कार्डावरचं "चप्पल" खोडून "अनवाणी" लिहिलं, पावलाचा कोन नव्याने लावला आणि गुरुजींना निरोप धाडला, की बाहेर घालायला सपाट स्लिपर घ्या, टाचेची चप्पल आता विसरायची. मनगटाची सूज उतरल्यावर गुरुजी गाभाऱ्यात उभे राहिले. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. जाऊन बघावंसं वाटत होतं, म्हणूनच गेले नाही. मामांना ते फार विचित्र वाटलं.

घरी मी यांना म्हटलं, "उद्या वर्कशॉपला यायचं. पेशंट म्हणून." हे माझ्याकडे बघत राहिले. "नाही" म्हणाले नाहीत.

पुन्हा ते चौघे शेजारी, पुन्हा खुर्ची. दोन मजले उतरेपर्यंत वसाहतीतली निम्मी माणसं गॅलरीत आली. कुणी तरी वरून ओरडलं, "पेडणेकरसाहेब, वरात कुठे निघाली?" यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी अजून हसत नव्हती.

वर्कशॉपमध्ये मी टेबलाच्या माझ्या बाजूला बसले आणि कोरं कार्ड पुढे ओढलं. पहिला रकाना पेशंटचं नाव. ते पेशंटला मोठ्याने वाचून दाखवायचं, हा आमचा नियम. एका नावाचे दोन पेशंट असले की पाय बदलतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात हे नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. घरात "अहो", बाहेर "आमचे हे". बँकेतसुद्धा मी नाव लिहून दाखवायचे. मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "अरविंद महादेव पेडणेकर. बरोबर?"

यांनी चमकून वर बघितलं. मामा कालवता कालवता थांबले.

"हं," हे म्हणाले.

ते नाव घेतलं आणि मला खरंच थोडं लांबून दिसायला लागलं. समोर एक सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ होते, उजवं पाऊल लुळं, घोटा आत वळणारा, पोटरीत ताठरपणा. हे मला दिसायला हवं होतं आणि चार महिने दिसलं नव्हतं. मी मोजा चढवला, खुणा केल्या, पाऊल काटकोनात आणून घट्ट धरलं. "काका, पाय सैल सोडा," मी म्हटलं. सगळ्या पेशंटांना तसंच म्हणायची इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. यांनी असे काही डोळे वटारले की मामांच्या हातातली प्लॅस्टरची पट्टी खाली पडली. हसून हसून मामांना खोकला लागला.

पट्टी घट्ट व्हायला लागली तसे हे कण्हले. "नाही." माझा हात थांबायला आला. पण सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "दुखतंय तिथे बोट ठेवा." यांनी डावं बोट पोटरीवर ठेवलं. तिथे हाड नव्हतं, आखडलेला स्नायू ताणला जात होता, तो ताणायलाच हवा होता. मी हात हलवला नाही. साचा घासताना एकटीने बसले. जिथे घासायचा तिथे घासला, घोट्याच्या हाडाशी जेवढी जागा सोडायची तेवढीच सोडली. झाल्यावर नळाखाली हात धुतले आणि हातावरून पाणी वाहू दिलं. मनात काही म्हटलं असेन तर ते मी कुणाला सांगत नाही.

चार दिवसांनी चाचणी. चाचणीच्या वेळी आमचा माणूस दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसतो आणि नजर पावलावर ठेवतो. चेहऱ्याकडे बघायचं नाही. पेशंट आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतो किंवा भीतीने तोंड वाकडं करतो, आणि आपण चेहरा बघत बसलो की टाच बघायची राहते. मी बसले. मामांनी पलीकडून यांना धरून आत सोडलं. यांचा डावा हात दांडीवर होता, उजवा गळ्यातल्या झोळीत.

पहिलं पाऊल पडलं. टाच टेकली. दुसरं. बोटं अडकली नाहीत. मी मामांना सांगत होते आणि मामा कार्डावर लिहीत होते. टाच बसतेय. घोटा सरळ आहे. गुडघा मागे जात नाही. पाचव्या पावलाला यांचा तोल डुगडुगला, पण चालणारे हे होते, मी जागची हलले नाही. यांनी स्वतःच स्वतःला सावरलं. पावलं येत राहिली, अगदी माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली.

स्प्लिंटची कड करंगळीशी थोडी घासत होती. मी पेन्सिल काढली आणि वाकून खूण करायला लागले.

"सुनंदा."

पाच महिन्यांत यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. पण खूण अर्धी होती.

"हलू नका, काका," मी म्हटलं. "एवढी खूण होऊ दे."

"सुनंदा. वर बघ."

मी वर बघितलं. डावा हात दांडीवर नव्हता. कशालाही न धरता हे उभे होते, आणि तो हात यांनी खाली माझ्यापुढे धरला होता, मला उठवायला.